गाडी आता घ्यावी की पुढच्या मॉडेलची वाट पाहावी? हा पेच निर्माण करणारे आल्फ्रेड स्लोन कोण होते?

गाडी पसंत पडलेली असते, कर्जाचा हप्ताही झेपणारा असतो आणि नेमके तेव्हाच कुणीतरी सांगते की जरा थांबा, तीन-चार महिन्यांत फेसलिफ्ट येत आहे. मग बुकिंग लांबते. फेसलिफ्ट आली की त्यानंतर येणाऱ्या संपूर्ण नव्या मॉडेलची चर्चा सुरू होते. हा पेच आपोआप तयार झालेला नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका इंजिनीअरने तो व्यवसायाचे धोरण म्हणून रुजवला. त्यांचे नाव आल्फ्रेड प्रिचर्ड स्लोन. गंमत म्हणजे, ग्राहकांना पुढच्या मॉडेलची सवय लावणाऱ्या स्लोन यांनी स्वतःच्या कंपनीपुढे हाच प्रश्न उभा राहिला तेव्हा न थांबण्याच्या बाजूने कौल दिला होता.

आल्फ्रेड स्लोन कोण होते?

स्लोन यांचा जन्म २३ मे १८७५ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील चहा-कॉफीचे घाऊक व्यापारी. पाच भावंडांत आल्फ्रेड थोरले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमधून त्यांनी १८९५ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी तीन वर्षांतच पूर्ण केला होता.

पहिली नोकरी न्यू जर्सीतील हयात रोलर बेअरिंग या छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून मिळाली. कारखाना डबघाईला आला तेव्हा वडील आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने मिळून पाच हजार डॉलर घातले आणि स्लोन यांच्या हाती सूत्रे आली. मोटारींचा धंदा तेव्हा नुकताच सुरू होत होता. स्लोन यांनी बेअरिंग घेऊन मोटार कंपन्यांच्या दारात जायला सुरुवात केली.

कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांनी एकदा कॅलिपर लावून त्यांच्या बेअरिंगमधील फरक दाखवले आणि त्यांना चांगलेच सुनावले. प्रत्येक नग इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखाच हवा, हा धडा स्लोन तिथे शिकले. जाहिरातीत काय लिहिले आहे यापेक्षा मोजमाप काय सांगते ते पाहायचे, ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

जनरल मोटर्समध्ये ते कसे पोहोचले?

हयातचे मोठे ग्राहक दोनच होते, फोर्ड आणि जनरल मोटर्स. यांपैकी एकाने जरी बेअरिंग स्वतः बनवायचे ठरवले, तर कारखाना अडचणीत येणार होता. त्यामुळे १९१६ मध्ये जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी १ कोटी ३५ लाख डॉलरचा प्रस्ताव दिला तेव्हा स्लोन यांनी कंपनी विकली. सुटे भाग बनवणाऱ्या युनायटेड मोटर्स या नव्या कंपनीचे ते अध्यक्ष झाले. १९१८ मध्ये ही कंपनी जनरल मोटर्समध्ये विलीन झाली.

ड्युरंट यांचा कारभार मनमानी होता. वैतागलेले स्लोन १९२० च्या उन्हाळ्यात महिनाभराची सुट्टी घेऊन इंग्लंडला गेले. राजीनामा द्यावा का, याचा ते विचार करत होते. तिथे त्यांनी पत्नीसोबत फिरण्यासाठी रोल्स-रॉइस मागवली, पण ती ताब्यात न घेताच ते परतले. मायदेशी आल्यावर कंपनीत काहीतरी शिजत असल्याचे त्यांना जाणवले आणि त्यांनी राजीनामा लांबणीवर टाकला. त्याच वर्षअखेरीस ड्युरंट बाहेर पडले, पिएर द्यू पाँ अध्यक्ष झाले आणि १९२३ मध्ये ते पद स्लोन यांच्याकडे आले.

पुढच्या मॉडेलच्या नादात कंपनी कशी अडकली होती?

१९२१ मध्ये अमेरिकेतील मोटारी आणि ट्रकच्या विक्रीत फोर्डचा वाटा सुमारे ६० टक्के होता. जनरल मोटर्सची स्वस्त गाडी शेवरोले ४ टक्क्यांच्या आसपास होती. फोर्डला मात देण्यासाठी जनरल मोटर्सने एका क्रांतिकारी इंजिनावर भिस्त ठेवली. सेल्फ-स्टार्टरचे जनक चार्ल्स केटरिंग यांचे हे इंजिन पाण्याऐवजी हवेवर थंड होणार होते. सिलिंडरभोवती तांब्याच्या पातळ पट्ट्या बसवायच्या आणि त्यांवरून पंख्याने हवा खेळवायची, अशी ती रचना. रेडिएटर नाही, पाणी गोठण्याची भीती नाही, वजनही कमी.

कागदावर सारे उत्तम होते. अध्यक्ष द्यू पाँ यांचा या इंजिनाला ठाम पाठिंबा होता. जुन्या गाड्या बंद करून सगळा भर या इंजिनावर द्यायचा, इथपर्यंत विचार गेला होता. चाचण्यांत मात्र इंजिन तापत होते आणि तापले की त्याची ताकद कमी होत होती.

स्लोन तेव्हा दुसऱ्या फळीत होते. नवे इंजिन चांगले की वाईट, या तांत्रिक वादात त्यांनी उडी घेतली नाही. त्यांचा मुद्दा व्यावहारिक होता. नवे इंजिन सिद्ध होईपर्यंत पाण्यावर थंड होणारी, चालू असलेली गाडी बंद करायची नाही आणि तिच्यात सुधारणा करत राहायचे. अखेर दोन्ही गाड्या समांतर ठेवण्याचा निर्णय झाला.

जानेवारी १९२३ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात तांब्याच्या इंजिनाची शेवरोले झळकली. पुढच्या काही महिन्यांत अशा ७५९ गाड्या बनल्या, त्यांपैकी जेमतेम १०० प्रत्यक्ष ग्राहकांच्या हाती गेल्या. तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि जूनमध्ये कंपनीने सर्व गाड्या परत बोलावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनविक्रीने उच्चांक गाठला आणि जुन्याच इंजिनाच्या साडेचार लाखांहून अधिक शेवरोले बाजारात गेल्या. कंपनी नव्या इंजिनासाठी थांबली असती, तर तेजीच्या वर्षात तिच्याकडे विकायला गाडीच नसती. निराश केटरिंग यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली, पण स्लोन यांनी त्यांना जाऊ दिले नाही.

दरवर्षी नवे मॉडेल ही कल्पना आली कुठून?

बाजार बदलत होता. गाडी परवडणाऱ्या बहुतेकांकडे ती आली होती. त्यांची जुनी गाडी विकत घेऊन नव्या गाडीच्या किमतीतून ती रक्कम वजा करण्याची पद्धत रुळली. जनरल मोटर्सने १९१९ मध्येच हप्त्यांवर कर्ज देणारी कंपनी काढली होती. उघड्या गाडीची जागा बंद गाडी घेत होती. १९२४ मध्ये उद्योगात बंद गाड्यांचा वाटा ४३ टक्के होता, तो १९२७ मध्ये ८५ टक्क्यांवर गेला. केवळ चार चाके हवी असणाऱ्याला वापरलेली गाडी स्वस्तात मिळत होती. मग नवी गाडी कुणी का घ्यावी?

स्लोन यांचे उत्तर होते, आधीच्या गाडीपेक्षा काहीतरी अधिक मिळते म्हणून. त्यांनी किमतींची शिडी तयार केली. सर्वांत खाली शेवरोले, मग पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि वर कॅडिलॅक. ग्राहकाने एकेक पायरी चढत जावे, अशी ही रचना. ड्यूको या झटपट वाळणाऱ्या रंगामुळे रंगकामाचे दिवस वाचले आणि रंगांची निवडही वाढली. १९२७ मध्ये हॉलिवूडमध्ये श्रीमंतांसाठी गाड्या सजवणारे हार्ले अर्ल यांना आणून स्लोन यांनी कंपनीत केवळ रूप आणि रंग पाहणारा स्वतंत्र विभाग उघडला.

दरवर्षी सारी गाडी नव्याने बनवणे मात्र परवडणारे नव्हते. पहिल्या निर्णयापासून गाडी शोरूममध्ये येईपर्यंत साधारण दोन वर्षे लागत. म्हणून सांगाडा काही वर्षे तोच ठेवायचा आणि मधल्या वर्षांत जाळी, दिवे, पत्रा बदलायचा, ही पद्धत पुढे रूढ झाली. आजची फेसलिफ्ट ती हीच.

१९२७ मध्ये थांबलेल्या ग्राहकांचे काय झाले?

हेन्री फोर्ड यांचा विचार उलट होता. १९०८ पासून मॉडेल टी हीच गाडी, फक्त अधिकाधिक स्वस्त. तिची किंमत एका टप्प्यावर २६० डॉलरपर्यंत उतरली होती. पण विक्री घसरू लागली आणि दीड कोटी गाड्यांनंतर मे १९२७ मध्ये फोर्ड यांनी मॉडेल टी बंद केली. पुढची गाडी तयार नव्हती. सुमारे सहा महिने देश फोर्डच्या नव्या गाडीची वाट पाहत होता.

ज्यांना गाडीची तातडी होती, त्यातील अनेक जण शेवरोलेकडे वळले. त्या वर्षी शेवरोलेने विक्रीत फोर्डला मागे टाकले. डिसेंबरमध्ये मॉडेल ए आली. तिला चारही चाकांना ब्रेक होते, तीन गतींचा गिअरबॉक्स होता आणि पुढची काच सुरक्षित प्रकारची होती. म्हणजे थांबलेल्यांना खरोखर अधिक चांगली गाडी मिळाली. फक्त उत्पादन हळूहळू वाढत असल्याने अनेकांची प्रतीक्षा गाडी जाहीर झाल्यावरही संपली नाही.

पुढचे मॉडेल नेहमी चांगलेच होते का?

नाही. १९२९ च्या ब्युइकला खिडकीखाली थोडासा फुगवटा देण्यात आला. लोकांनी तिला गर्भवती ब्युइक म्हणून हिणवले आणि विक्री आपटली. नव्याची वाट पाहून ती गाडी घेणाऱ्यापेक्षा आदल्या वर्षीची ब्युइक घेणारा सुखी ठरला.

त्याहून गंभीर बाब काचेची. अपघातात धारदार तुकडे न होणारी काच तेव्हा उपलब्ध होती आणि जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत ती येत होती. १९२९ मध्ये लामो द्यू पाँ यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात स्लोन यांनी ती शेवरोलेत बसवायला नकार दिला. खर्च वाढेल, पण विक्री वाढणार नाही, असे त्यांचे गणित होते. रंग आणि जाळी बदलायला दरवर्षी पैसा होता. जीव वाचवणाऱ्या काचेसाठी मात्र आधी नफ्याचा हिशेब मांडला गेला. स्लोन यांच्या कारकिर्दीवरील हा ठळक डाग मानला जातो.

स्लोन यांची अखेरची वर्षे कशी होती?

स्लोन १९३७ पर्यंत अध्यक्ष आणि त्यानंतर १९५६ पर्यंत संचालक मंडळाचे प्रमुख होते. कामगारांशी त्यांचे संबंध ताणलेले राहिले. फ्लिंट येथील ४४ दिवसांच्या ठिय्या संपानंतर फेब्रुवारी १९३७ मध्ये कंपनीला कामगार संघटनेला मान्यता द्यावी लागली. स्लोन दाम्पत्याला मूलबाळ नव्हते. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत शिक्षण आणि संशोधनाला दिला. न्यू यॉर्कची कर्करोग संशोधन संस्था आणि एमआयटीची व्यवस्थापन शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक आले. त्यात जनरल मोटर्सची कॉर्वेअर लक्ष्य होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९६६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी स्लोन यांचे निधन झाले.

भारताशी, महाराष्ट्राशी संबंध काय?

स्लोन अध्यक्ष असतानाच, १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. देशात उत्पादन करण्याची अट आल्यावर १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढची काही दशके आपल्याकडे पेच उलटा होता. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसॅडर यांत वर्षानुवर्षे फारसा बदल नसे. प्रतीक्षा असायची ती पुढच्या मॉडेलची नव्हे, तर आहे तीच गाडी मिळण्याची.

उदारीकरणानंतर कंपनी परतली आणि तिने पुण्याजवळ तळेगावला कारखाना उभारला. २०१६ च्या ऑटो एक्स्पोमध्ये शेवरोले एसेन्शिया ही छोटी सेडान दाखवण्यात आली. ती पुढच्या वर्षी येणार होती. पण मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्रीच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. एसेन्शिया कधीच आली नाही.

मग गाडी आता घ्यावी की थांबावे?

स्लोन यांच्या आयुष्यातून तीन कसोट्या निघतात. पहिली, पुढची गाडी प्रत्यक्षात आहे का? किंमत जाहीर झाली असेल आणि बुकिंग सुरू असेल, तर महिना-दोन महिने थांबण्यात अर्थ आहे. प्रदर्शनातील गाडी किंवा झाकलेल्या गाडीची व्हायरल छायाचित्रे म्हणजे गाडी नव्हे.

दुसरी, बदल चेहऱ्यात आहे की सांगाड्यात? दिवे, जाळी, मोठा टचस्क्रीन यांसाठी थांबण्याची गरज नाही. उलट जुना साठा संपवताना मिळणारी सवलत पदरात पाडून घ्यावी, फक्त चेसिस क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष तपासावे. सांगाडा, ब्रेक, एअरबॅग यांत बदल होणार असेल, तर थांबावे. भारत एनसीएपी ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, तिचे तारे पाहावेत. अगदी नव्या प्रकारचे इंजिन किंवा बॅटरी असेल, तर पहिले काही महिने इतरांचा अनुभव येऊ द्यावा. तांब्याच्या इंजिनाचे पहिले शंभर ग्राहक हेच सांगतील.

तिसरी, गाडी किती वर्षे ठेवणार? विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार गाडीचे मूल्य सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी, वर्षानंतर २० टक्क्यांनी, दोन वर्षांनंतर ३० टक्क्यांनी आणि चार वर्षांनंतर ५० टक्क्यांनी कमी धरले जाते. पुढचे मॉडेल आले किंवा नाही आले, ही घसरण होतेच. दोन-तीन वर्षांत गाडी विकणाऱ्याने बंद होऊ घातलेले मॉडेल टाळावे, कारण जुन्या बाजारात त्याला आणखी कमी भाव मिळतो. आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्याला मात्र हा फरक फारसा जाणवत नाही.

आणि सध्याची गाडी दर महिन्याला गॅरेजमध्ये जात असेल किंवा घरात गाडीच नसेल, तर थांबण्याचाही खर्च असतो, तो हिशेबात धरावा. स्लोन यांच्या धोरणानंतर पुढच्या मॉडेलला शेवट उरलेला नाही. आज ज्याची वाट पाहायची, ते आल्यावर त्याच्याही पुढचे येतेच.