शल्यतंत्राचा आचार्य : सुश्रुत

भाजी चिरताना बोट कापले की मराठी घरात अजूनही आधी हळदीचा डबा उघडला जातो. चिमूटभर हळद जखमेवर दाबून धरायची, वरून धुवट कापडाची चिंधी बांधायची, हा उपचार कुणी कुणाला मुद्दाम शिकवल्याचे आठवत नाही. वनस्पतींचा औषधी गुण आणि कापडाचा आधार या दोहोंनी जखम भरून आणण्याची विद्या या देशात फार जुनी आहे. तिची पहिली सविस्तर आणि शिस्तबद्ध मांडणी ज्या ग्रंथात आढळते, तो म्हणजे सुश्रुतसंहिता.

सुश्रुताच्या चरित्राची सामग्री अल्प आहे. परंपरा त्याला विश्वामित्राचा पुत्र मानते. त्याचा काळ सामान्यतः इ.स. पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा सांगितला जातो. काही अभ्यासक त्याला बराच अलीकडे आणतात. आज उपलब्ध असलेली संहिता एकाच हातची नाही. कित्येक शतके तिच्यात भर पडत गेली, आणि बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण याने नागार्जुन नावाच्या संस्कर्त्याचा उल्लेख केला आहे. तरीही ग्रंथ वाचताना त्यामागे एक अनुभवी, काटेकोर आणि रुग्णाविषयी कळवळा असलेला वैद्य उभा आहे, हे जाणवल्यावाचून राहत नाही. सुश्रुताचे खरे चरित्र त्याच्या ग्रंथातच शोधावे लागते.

ग्रंथाचा आरंभ काशीत होतो. काशीचा राजा दिवोदास, ज्याला धन्वंतरीचा अवतार मानत, वानप्रस्थाश्रमात राहत असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत इत्यादी शिष्य त्याच्याकडे आले. माणसे व्याधींनी तळमळताना पाहून आपले मन व्यथित होते, म्हणून आयुर्वेद शिकवावा, अशी त्यांची विनंती होती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी त्यांनी शल्यतंत्राला अग्रस्थान दिले आणि सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्यासाठी सुश्रुताची निवड केली. गुरूने सांगायचे, सुश्रुताने शंका काढायच्या आणि इतरांनी ऐकायचे, असा हा पाठ आहे. मूळ पाच स्थानांत एकशे वीस अध्याय असून पुढे उत्तरतंत्राचे सहासष्ट अध्याय जोडले गेले.

या पाठशाळेची शिक्षणपद्धती आजच्या विद्यार्थ्यालाही विचार करायला लावणारी आहे. केवळ पाठांतर केलेला आणि हाताला सवय नसलेला वैद्य सुश्रुताला मान्य नव्हता. ग्रंथज्ञान न घेता नुसती शस्त्रे चालवणाराही मान्य नव्हता. दोघांनाही त्याने एकाच पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. म्हणून रुग्णाच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी शिष्याने कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करायचा. चिखलपाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन, केसाळ कातड्यावर खरवडणे, कमळाच्या देठावर व मृत जनावरांच्या शिरांवर वेधन, जाड कापडावर व मऊ चामड्यावर शिवण आणि माणसाच्या पुतळ्याच्या अवयवांवर पट्ट्या बांधणे, असा हा क्रम होता. शरीराची आतील रचना समजावी म्हणून मृतदेह गवतात किंवा तागात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून मंद प्रवाहात सात रात्री बुडवून ठेवावा आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा, असे त्याने सांगितले. शवाला शिवणे अपवित्र मानणाऱ्या समाजात हे सांगायला धैर्य लागले असणार.

सुश्रुताची प्रतिभा सर्वाधिक खुलते ती व्रणाच्या, म्हणजे जखमेच्या, प्रकरणांत. व्रणावर त्याने साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत सूज उतरवण्यापासून आरंभ होतो आणि जखम भरल्यावर व्रणाच्या जागी कातडीचा मूळ रंग परत आणणे, तेथे पुन्हा केस उगवतील असे पाहणे येथपर्यंत विचार जातो. जीव वाचला म्हणजे वैद्याचे काम संपले, असे त्याने मानले नाही.

जखम शिवण्यासाठी त्याने निवडलेले धागे निसर्गातलेच आहेत : ताग, जवसाचे सूत, केस, स्नायू, मोरवेल व गुळवेलीचे तंतू आणि अश्मंतकाच्या सालीचा धागा. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला सोने म्हणून ज्याची पाने वाटली जातात तो आपटा. टाके घातल्यावर प्रियंगू, अंजन, ज्येष्ठमध आणि लोध्र यांचे चूर्ण भुरभुरून वर कापूस व जवसाच्या सुताचे वस्त्र ठेवायचे. पट्टीसाठी सूत, लोकर, रेशीम, चामडे, झाडाची आतली साल अशी नाना द्रव्ये त्याने दिली असून बंधनांचे चौदा प्रकार वर्णिले आहेत. पट्टी थंडीच्या दिवसांत तीन दिवसांनी आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन दिवसांनी सोडावी, हा भेदही त्याने केला. जी जखम कोरडी पडून भरत नाही, तिच्यावर औषधाचा लेप लावून वर एरंड, भूर्ज, हळद यांसारख्या वनस्पतींची पाने ठेवायची; मात्र ते पान कोवळे, अखंड आणि किडीने न खाल्लेले हवे. तीळ, मध आणि तूप यांचा कल्क त्याला विशेष प्रिय होता. जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुलिंबाची पाने, मीठ आणि तूप यांचा धूर दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावा, असेही तो सांगतो. रोगजंतू हा शब्दसुद्धा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

सुश्रुताचे सारेच उपचार आज जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. खोल जखमेवर घरगुती चूर्ण भरणे धोक्याचे ठरते. पण त्यामागचे तत्त्व प्रयोगशाळांत तपासले जात आहे. मधातील दाट साखर जखमेतील पाणी शोषते आणि जंतूंची वाढ रोखते, हे सिद्ध झाले आहे. रेशीम, कोलॅजेन किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसन यांच्या पातळ पापुद्र्यात हळदीतील कर्क्युमिन मिसळून जखमेची आच्छादने करण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. औषधी वनस्पतींच्या अभ्यासाची एक मोठी राष्ट्रीय संस्था, सीमॅप, लखनौमध्ये इंदिरा नगरच्या बाजूला कुकरैल वनालगत आहे. ती ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची घटक आहे, त्या परिषदेला हळदीसाठीच एकदा झगडावे लागले. १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांसह लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. घरोघरची आठवण तेथे पुरेशी नव्हती. लिहून ठेवलेले उपयोगी पडले.

सुश्रुताची कीर्ती ज्या शस्त्रक्रियेमुळे जगभर पसरली, ती कापलेले नाक पुन्हा घडवण्याची. त्या काळी नाक कापणे ही शिक्षा होती आणि नकट्या माणसाला समाजात तोंड दाखवणे कठीण होई. नाकाएवढे झाडाचे पान मापाला घ्यावे, त्या मापाची गालाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून उचलावी, नाकाच्या जागी बसवावी, श्वासासाठी दोन नळ्या ठेवाव्यात आणि पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण टाकून, पांढऱ्या कापसाने झाकून, वरून तिळाचे तेल शिंपडत राहावे, अशी ती रीत आहे.

संहिता बगदादला पोहोचून अरबीत उतरली, तिचे इ.स. ८७८ मधील एक हस्तलिखित नेपाळात जपलेले आहे. भारतातील वैद्यांच्या हातून मात्र शस्त्र हळूहळू सुटत गेले. शास्त्री ग्रंथ पाठ करीत राहिले. कातडी जोडण्याचे कसब ज्यांना ग्रंथ वाचण्याचा अधिकारच नव्हता, अशा कारागिरांच्या घराण्यांत टिकले. एका पंखाच्या पक्ष्याची उपमा येथे दुर्दैवाने खरी ठरली.

इ.स. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ याचा प्रत्यय आला. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला टिपू सुलतानाच्या कैदेत नाक आणि एक हात गमवावा लागला होता. वर्षभराने विटा घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याचे नाक तयार केले. त्याने मेणाचा साचा करून कपाळावर ठेवला, त्या मापाची कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. जोडावर पाण्यात भिजवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरून एकावर एक अशा पाच-सहा पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले. खैराच्या झाडाचा काथ, सूत आणि तूप एवढीच सामग्री होती. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात प्लास्टिक सर्जरीचे नवे पर्व तेथून सुरू झाले.

पुढे १९१५ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह प्रसिद्ध केली. लंडनच्या मासिकातील त्या वृत्तान्तात कावसजीचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे आहेत. नाक घडवणाऱ्या पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र त्यात नोंदलेले नाही.