परक्या अंगणातला विजय

मोटार शर्यतींच्या इतिहासात २८ जुलै १९३५ या रविवारचे स्थान वेगळे आहे. जर्मनीतील आयफेल डोंगररांगांत, न्यूर्बुर्गरिंगच्या पावसाने ओल्या झालेल्या मार्गावर त्या दिवशी जर्मन ग्रां प्री झाली. मार्गाच्या दुतर्फा सुमारे तीन लाखांचा जनसमुदाय लोटला होता. नाझी राजवटीचे मोटार क्रीडाप्रमुख आडोल्फ ह्यूनलाइन जातीने हजर होते. जर्मन गाडीच जिंकणार, याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. मर्सिडिस-बेंझ की ऑटो युनियन, एवढाच काय तो प्रश्न होता. चार तासांनंतर समाप्तीची रेषा प्रथम ओलांडली ती मात्र तांबड्या रंगाच्या, तीन वर्षांपूर्वीच्या बनावटीच्या एका अल्फा रोमिओने. तिच्या चाकामागे बेचाळीस वर्षांचा, बुटका, सडपातळ अंगाचा एक इटालियन बसला होता. त्याचे नाव ताझिओ नुव्होलारी.

आपल्याकडे फॉर्म्युला वन म्हटले की सेना, शूमाकर ही नावे चटकन ओठांवर येतात. जुन्या पिढीतील जाणकार फार तर फांजिओपर्यंत मागे जातात. नुव्होलारीचे नाव त्या यादीत सहसा नसते, आणि त्याला कारणही आहे. विश्वविजेतेपदाच्या मालिकेतील पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे झाली. नुव्होलारी आपली अखेरची शर्यत त्याच वर्षी १० एप्रिलला सिसिलीत धावला होता. जेमतेम महिन्याभराच्या अंतराने तो विक्रमांच्या कोष्टकांबाहेर राहिला.

उत्तर इटलीतील मांटुआ शहराजवळच्या कास्तेल दारिओ या गावी १६ नोव्हेंबर १८९२ रोजी त्याचा जन्म झाला. काका जुझेप्पे हा नामवंत सायकलपटू होता. वेगाचे वेड पुतण्याला त्याच्याकडून लाभले असावे. पहिल्या महायुद्धात ताझिओने सैन्यात वाहनचालक म्हणून काम केले. १९१७ साली कारोलिना पेरिना हिच्याशी त्याचा विवाह झाला. शर्यतींत तो उतरला तो १९२० मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि तोही मोटारसायकलवर. आज या वयाचा चालक अनुभवी समजला जातो; नुव्होलारीचा तेव्हा श्रीगणेशा होत होता.

१९२५ साली अल्फा रोमिओने मोंझा येथे त्याची चाचणी घेतली. गाडी उलटली, तो जबर जखमी झाला. मात्र थोड्याच दिवसांत अंगभर पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत तो त्याच मोंझावर ३५० सीसीच्या बियांकी मोटारसायकलवर बसला आणि शर्यत जिंकला. पुढे त्याच्याविषयी ज्या आख्यायिका पसरल्या, त्यांतील निम्म्या तरी खऱ्या असाव्यात असे वाटते, ते अशा नोंदलेल्या प्रसंगांमुळे. १९३० च्या मिल्ले मिलिया शर्यतीत पहाटेच्या अंधारात दिवे मालवून त्याने आपला प्रतिस्पर्धी अकिले वार्झी याला बेसावध गाठले, ही कथा त्यांपैकी सर्वांत लाडकी. दिवे खरोखर किती वेळ मालवले होते, यावर वाद आहे. शर्यत नुव्होलारीने जिंकली आणि तिचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला, यावर मात्र नाही.

त्याच्या कौशल्याचे मर्म काय होते, हे एन्झो फेरारीने एकदा सरावाच्या वेळी त्याच्या शेजारी बसून पाहिले होते. वळण यायच्या आधीच, कोणत्याही शहाण्या चालकाने वळवली नसती इतक्या लवकर, नुव्होलारी गाडीचे नाक आतल्या कडेकडे वळवी आणि इंधनाचा पट्टा सैल न करता उलट दाबून धरी. चारही चाके घसरू लागत. प्रत्येक वेळी आता आपण खड्ड्यात जाणार असे फेरारीला वाटे आणि प्रत्येक वेळी घसरत घसरत गाडीचे तोंड पुढच्या सरळ रस्त्याकडे झालेले असे. स्टिअरिंगने गाडी वळवणे सर्वांनाच येत होते. हा मनुष्य घसरण्याचाच उपयोग करून गाडी वळवत होता.

१९३२ हे वर्ष त्याचेच होते. मोनॅको, इटली आणि फ्रान्सच्या ग्रां प्री, शिवाय सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ, हे सारे त्याने जिंकले. कवी गाब्रिएले द'अनुन्झिओने त्याला सोन्याचे छोटे कासव भेट दिले. सर्वांत वेगवान माणसाला सर्वांत मंद प्राणी, अशी ती कल्पना होती. नुव्होलारीने तेच आपले चिन्ह केले आणि पिवळ्या सदऱ्यावर ते मिरवले. १९३३ मध्ये त्याने रेमों सोमेर याच्या जोडीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यतही जिंकली. त्याच वर्षी फेरारीशी बिनसल्याने त्याने त्याचा संघ सोडला. १९३४ च्या एप्रिलमध्ये आलेस्सांद्रिया येथील अपघातात त्याचा पाय मोडला. सुमारे पाच आठवड्यांनी बर्लिनच्या आवुस मार्गावर तो प्लास्टरमधल्या पायानिशी हजर झाला. सगळे पट्टे डाव्या पायाने दाबता यावेत अशी रचना त्याने मासेराटीत करून घेतली होती. तो पाचवा आला.

तेवढ्यात शर्यतींचे जगच बदलले होते. १९३४ पासून नवा नियम आला : चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचे वजन ७५० किलोंपेक्षा जास्त असू नये. वेगाला आळा बसावा हा त्यामागचा हेतू. जर्मन अभियंत्यांनी हलक्या धातूंचा वापर करून याच मर्यादेत प्रचंड इंजिने बसवली. हिटलरच्या सरकारचे अनुदान पाठीशी होते आणि चंदेरी गाड्यांचा विजय हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा विषय झाला होता. १९३५ मध्ये मोनॅको, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि स्पेन अशा सात मोठ्या ग्रां प्री झाल्या. त्यांपैकी सहा जर्मन गाड्यांनी जिंकल्या. उरलेली एक म्हणजे खुद्द त्यांच्याच घरची.

नुव्होलारी तोवर फेरारीकडे परतला होता; या समेटासाठी मुसोलिनीने शब्द टाकला असे सांगतात. त्याच्या वाट्याला आलेली अल्फा रोमिओ पी ३ ही व्हित्तोरिओ यानोची देखणी निर्मिती, परंतु १९३२ सालची. इंजिन वाढवूनही तिची ताकद २६५ अश्वशक्तीच्या आसपास. जर्मन गाड्या पावणेचारशेच्या पुढे होत्या. मर्सिडिसच्या पाच आणि ऑटो युनियनच्या चार गाड्यांविरुद्ध अल्फाच्या अवघ्या तीन. त्यांपैकी शिरों आणि ब्रिव्हिओ यांच्या गाड्या आरंभीच बंद पडल्या. उरला एकटा नुव्होलारी.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने होती, ती म्हणजे तो मार्ग. सुमारे २२.८ किलोमीटरची एक फेरी, १७० हून अधिक वळणे, चढउतार, झाडी आणि ओला रस्ता. अशा २२ फेऱ्या. सरळ रस्त्यावर कामी येणारी ताकद येथे निम्मी वाया जात होती. शर्यतीच्या मध्याला त्याने आघाडी घेतली तेव्हा प्रेक्षकांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. लगेचच इंधन भरण्यासाठी सर्वच आघाडीचे चालक थांबले. फॉन ब्राउखिचची मर्सिडिस ४७ सेकंदांत बाहेर पडली. अल्फाच्या पंपाचा दांडा मात्र मोडला. मेकॅनिकांना डब्यांतून नरसाळ्याने पेट्रोल ओतावे लागले. नुव्होलारी गाडीभोवती संतापाने हातवारे करत येरझारा घालत राहिला. त्यात दोन मिनिटे चौदा सेकंद गेली आणि पहिल्याचा तो सहावा झाला.

तेथून पुढे त्याने जे केले, त्याला योगायोग म्हणता येत नाही. एकामागून एक गाड्या मागे टाकत थोड्याच फेऱ्यांत तो दुसऱ्या स्थानी आला. पुढे एकटा फॉन ब्राउखिच. अंतर दर फेरीला कमी होत होते आणि त्याला तोंड देण्यासाठी फॉन ब्राउखिच आपले टायर झिजवत होता. टायरांचे अस्तर दिसू लागले होते. मर्सिडिसचे व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांच्यापुढे पेच होता : थांबवावे तर आघाडी जाते, न थांबवावे तर टायर जातो. त्यांनी थांबवले नाही. शेवटच्या फेरीला आरंभ झाला तेव्हा मर्सिडिस सुमारे ३५ सेकंदांनी पुढे होती. समाप्ती काही किलोमीटरवर आली असताना तिचा मागचा टायर फुटला.

नुव्होलारीने ४ तास ८ मिनिटे ४० सेकंदांत शर्यत संपवली. त्यापाठोपाठ ऑटो युनियनचा हान्स श्टुक दीड मिनिटाहून अधिक उशिराने दुसरा, मर्सिडिसचा काराच्चिओला तिसरा, ऑटो युनियनचा रोझेमायर चौथा. फॉन ब्राउखिच फुटक्या टायरवर कसाबसा गाडी रेटत पाचवा आला आणि रडू लागला. त्याच्याविषयी हळहळ वाटते. १९३८ मध्येही तो याच मार्गावर आघाडीवर होता, पण इंधन भरताना गाडीने पेट घेतला. आपल्या देशाची ग्रां प्री त्याला कधीच जिंकता आली नाही.

या विजयाला नशिबाचे दान म्हणणारे आजही भेटतात. टायर फुटला हे खरेच. पण तो फुटेपर्यंत झिजवायला लावले कोणी? इंधनाच्या थांब्यात गेलेली ती दोन मिनिटे हिशेबात धरली, तर दैव त्या दिवशी अल्फाच्या बाजूने होते असे म्हणवत नाही.

दुसराही एक समज तपासून पाहावा असा आहे. हुकूमशाहीच्या छाताडावर बसून एका स्वतंत्र वीराने मिळवलेला विजय, असे या शर्यतीचे चित्र नंतर रंगवले गेले. पण इटलीतही हुकूमशाहीच होती आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिने अबिसीनियावर आक्रमण केले. रोमच्या वृत्तपत्रांनीही हा विजय राष्ट्राच्या नावे जमा करून घेतला. नुव्होलारीला राजकारणाशी फारसे देणेघेणे होते असे दिसत नाही. १९३८ मध्ये सरावात अल्फाने पेट घेतल्यावर त्याने ती गाडी सोडली आणि रेकॉर्डच्या प्रयत्नात मरण पावलेल्या रोझेमायरची ऑटो युनियनमधील रिकामी जागा त्यानेच घेतली. ज्यांना हरवले त्यांच्याच गाडीतून त्याने त्या वर्षी मोंझा आणि इंग्लंडमधील डोनिंग्टन जिंकले. बेलग्रेडची ग्रां प्री जिंकली तो दिवस होता ३ सप्टेंबर १९३९. त्याच दिवशी ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले.

या माणसाला खरी किंमत मोजावी लागली ती घरात. थोरला मुलगा जॉर्जिओ १९३७ मध्ये आजाराने गेला. नुव्होलारी तेव्हा शर्यतीसाठी अमेरिकेला निघालेल्या जहाजावर होता आणि बातमी त्याला समुद्रातच कळली. धाकटा आल्बेर्तो १९४६ च्या एप्रिलमध्ये गेला. मृत्युसमयी दोघेही अवघे अठरा वर्षांचे होते. त्यानंतर त्याने घरी बसणे कोणालाही समजण्यासारखे होते. तो उलट अधिकच धावू लागला. धुराने फुप्फुसे निकामी होत चालली होती, शर्यतीत श्वास कोंडे, खोकल्यातून रक्त पडे. त्याच वर्षी तुरिन येथे धावत्या गाडीचे स्टिअरिंग चाकच हातात निघून आले. ते हातात धरून त्याने गाडी पिटपर्यंत आणली.

१९४७ च्या मिल्ले मिलियात चोपन्नाव्या वर्षी, अवघ्या ११०० सीसीच्या उघड्या चिसितालियात तो पहिला होता. मुसळधार पावसाने इंजिन बंद पाडले आणि तो दुसरा आला. पुढच्या वर्षी फेरारीच्या गाडीचा मडगार्ड गेला, बॉनेट उडाले, तरी आघाडी त्याचीच होती. अखेर रेजिओ एमिलियाजवळ स्प्रिंगचा जोड तुटला आणि त्याला थांबावे लागले. गाडीच्या चाकामागेच मरण यावे अशी त्याची इच्छा होती, असे त्याच्या निकटवर्तीयांना वाटे. इतक्या संधी असूनही ते आले नाही.

१९५२ मध्ये पक्षाघाताने त्याच्या शरीराचा काही भाग लुळा पडला. ११ ऑगस्ट १९५३ रोजी मांटुआ येथील घरी, अंथरुणातच त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला हजारो लोक जमले. शवपेटी मोटारीच्या सांगाड्यावर ठेवली होती आणि तिच्यासोबत फांजिओ, आस्कारी आणि व्हिल्लोरेसी चालत होते. त्याच्या इच्छेनुसार त्याला शर्यतीच्या पोशाखात दफन करण्यात आले.