जाहिराती गेल्या, प्राण गेले. लेखणी विकली नाही

कोलंबियातील बोगोटा येथे १९२५ साली जन्मलेले गिलेर्मो कानो १९५२ मध्ये 'एल एस्पेक्तादोर' दैनिकाचे संपादक झाले. बड्या बँकगटाचे गैरव्यवहार छापताच जाहिराती बंद झाल्या; कानो नमले नाहीत. कोकेनसम्राट पाब्लो एस्कोबार १९८२ साली संसदेत पोहोचला. कानोंनी १९८३ मध्ये त्याच्या १९७६ च्या अटकेची बातमी पुन्हा छापून त्याचा बुरखा फाडला. १७ डिसेंबर १९८६ रोजी कचेरीबाहेरच मारेकऱ्यांनी त्यांचा खून केला. १९८९ मध्ये कचेरीवर बॉम्बहल्ला झाला. तरीही दुसऱ्या दिवशी अंक निघाला!

१९९७ पासून युनेस्को त्यांच्या नावाने जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य पुरस्कार देते. केवळ पुरस्काराने पत्रकार वाचत नाहीत, हे आम्ही जाणतो. जाहिरातदार पाठ फिरवतो तेव्हा पत्र वाचकच जगवतो. ती जबाबदारी आम्ही ओळखलीच पाहिजे.