विश्लेषण : सह्याद्रीतील जंगलतोडीचा धोका १८४०च्या दशकात सांगणारे डॉ. गिब्सन कोण होते?

श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूरवरून वाहणारी प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात. डोंगरावरचे जंगल आणि खालच्या गावांचे पाणी यांचा संबंध सरकारपुढे मांडणाऱ्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव घेतले जाते. ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक होते.

डॉ. गिब्सन कोण?

त्यांचा जन्म १८०० मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरात शिकून ते १८२५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत आले. देवीची लस देण्याच्या कामासाठी ते दख्खन आणि खानदेशात फिरले, मराठीही शिकले. १८३८ मध्ये त्यांच्याकडे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान सोपवण्यात आले.

त्यांनी काय सांगितले?

जहाजबांधणीसाठी साग आणि मुंबईसाठी सरपण यामुळे कोकणातील जंगले झपाट्याने कमी होत होती. झाडे गेली की झरे आटतात आणि माती वाहून खाड्यांत गाळ साचतो, हे गिब्सन यांनी सरकारला कळवले. कारण सोपे आहे : जंगलातील पालापाचोळा आणि मुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. उघड्या उतारावर ते माती घेऊन धावते. १८४७ मध्ये ते वनसंरक्षक झाले.

मग जंगल वाचले का?

काही भागांत तोडीवर बंधने आली. पण सरकारला जंगल हवे होते ते मुख्यतः सागासाठी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि स्लीपरसाठीही लाकडाची मागणी वाढली. दुसरीकडे, जंगल तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला, म्हणजे कुमरीला गिब्सन यांचा विरोध होता. त्यामुळे बंधनांचा फटका डोंगरातील आदिवासींना बसला. १८७८च्या वन कायद्याने तर त्यांचे हक्क आणखी आक्रसले.

गिब्सन १८६० मध्ये निवृत्त झाले. निकोलस डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये आला. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. धरण पावसाचे पाणी साठवते. पाऊस थांबल्यावर डोंगरातले झरे वाहते ठेवण्याचे काम मात्र जंगल करते. एकाच जातीची रोपे लावून मूळ जंगल परत येत नाही, त्यामुळे देवराया आणि दुर्गम दऱ्यांत जे उरले आहे ते टिकवणे हाच स्वस्त उपाय ठरतो.