कष्टकऱ्यांच्या विसाव्याचा हक्क : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या निवासी विद्यालयात आठवड्यातील सर्वाधिक वर्दळीचा दिवस रविवार. सकाळची वंदना आटोपते न आटोपते तोच प्रवेशद्वाराशी पालकांची गर्दी होऊ लागते. कोणी भाकरी-चटणीचे फडके घेऊन येतो, कोणी नवी चप्पल, कोणी नुसतीच आठवडाभराची ओढ. विहारांतून सामुदायिक बुद्धवंदना होते ती बहुधा रविवारी; समाजाच्या सभा, वधूवर-परिचय मेळावे, रक्तदान शिबिरे, सारे रविवारी. हा दिवस आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो कधी नव्हता, त्यासाठी कोणी झगडले असेल, हे ध्यानातही येत नाही. ज्यांनी हा झगडा प्रथम संघटितपणे उभा केला त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. जात फुलमाळी, परिस्थिती बेताची. शिक्षणानंतर त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल विभागात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवी भागातील एका कापडगिरणीत ते भांडारपाल झाले. गिरणीतील नोकरवर्गात हे स्थान कामगारांच्या वरचे होते. हातात हिशेबाची वही होती आणि डोळ्यांसमोर रोज यंत्रावर राबणारी माणसे होती. त्यांच्या श्रमाचा आणि मोबदल्याचा ताळा जुळत नाही, हे या हिशेबनिसाला तेथेच उमगले असावे.

तो काळ मुंबईच्या गिरण्यांच्या भरभराटीचा होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत शहराच्या उत्तरेस धुराड्यांची रांग उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसे पोटासाठी येऊ लागली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, अशी रीत होती. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणूकही मोठी. साप्ताहिक सुट्टी नव्हती. महिन्याकाठी एखाद-दोन वेळा यंत्रे बंद राहत, तेव्हाही ती पुसून साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई. पगार महिना उलटून गेल्यावर, तोही मालकाच्या सवडीने. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत होती. तिला दुहेरी खाडा म्हणत. कामावर घेणे वा काढणे जॉबरच्या हाती, आणि त्याचा हात ओला केल्यावाचून कामाची शाश्वती नाही. बायका आणि सहा-सात वर्षांची मुलेही या राबणुकीत होती.

गिरणीमालकांनी आपली संघटना १८७५ सालीच उभी केली होती. भांडवल, कायद्याचे सल्लागार, सरकारदरबारी वजन हे सारे त्यांच्या बाजूस होते. कामगारांच्या बाजूस काहीच नव्हते. या असमान तराजूच्या हलक्या पारड्यात लोखंडे जाऊन उभे राहिले.

त्यांची वैचारिक घडण महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात झाली. १८७३ साली स्थापन झालेल्या या समाजात ते पुढच्याच वर्षी दाखल झाले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक आर्थिक ओढगस्तीने बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईत आणून चालविले. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे त्यांच्याच भाषेत मांडणारे असे पत्र त्या वेळी दुसरे नव्हते. गुरुशिष्यांत मतभेद झाले नाहीत, असे मात्र नाही. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले भाग छापून लोखंडे यांनी पुढचे छापणे थांबविले, आणि ही सावधगिरी जोतीरावांना मुळीच आवडली नाही. तरी कामगारांच्या प्रश्नावर दोघे एकत्रच राहिले.

१८८१ साली कारखान्यांसंबंधी पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा मिळाली. प्रौढ स्त्री-पुरुषांना या कायद्याने काहीही दिले नाही. या कायद्यामागे एक निराळे राजकारणही होते. भारतातील स्वस्त श्रमामुळे आपला माल मागे पडतो, म्हणून इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीमालक असे कायदे व्हावेत यासाठी आग्रही होते. साहजिकच येथील मालक आणि अनेक देशी वृत्तपत्रे म्हणत की, हे कायदे म्हणजे स्वदेशी उद्योग मारण्याचा डाव होय. या युक्तिवादात तथ्यांश नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यामुळे कामगाराची मोठीच अडचण झाली. त्याने विसावा मागितला की तो देशाच्या उद्योगाचा शत्रू ठरे. लोखंडे या कोंडीत सापडले नाहीत. लँकेशायरचा हेतू काहीही असो, आपल्या गिरणीतील माणसाची पाठ मोडते आहे हे सत्य त्यामुळे खोटे ठरत नाही, अशी त्यांची भूमिका राहिली.

१८८४ साली कारखान्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने आयोग नेमला. कामगारांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून आयोगापुढे गेले पाहिजे, हे लोखंडे यांनी ओळखले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या पाच होत्या : दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन व कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद. आज या मागण्या वाचताना त्या किती माफक होत्या, याचेच आश्चर्य वाटते. याच सुमारास ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन झाली. भारतातील कामगार चळवळीचा आरंभ येथून मानला जातो.

निवेदन गेले आणि वर्षामागून वर्षे लोटली. लोखंडे यांनी ‘दीनबंधु’तून लिहिणे सोडले नाही, सभा सोडल्या नाहीत, अर्ज सोडले नाहीत. रविवारच त्यांनी का मागितला, हेही समजून घेण्याजोगे आहे. साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत. कारकुनाला सुट्टी होती, मजुराला नव्हती. शिवाय हा वार गिरणीत येणाऱ्या बहुजन कष्टकऱ्यांच्या खंडोबाचा. सरकारला समजेल आणि कामगाराच्याही मनास पटेल असा हा दिवस होता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या काळी स्त्रीने चारचौघांत बोलणे हाच अपराध गणला जाई, त्या काळी गिरणीतील बाई मैदानावर उभी राहून आपली सुट्टी मागत होती, ही गोष्ट आम्हांस या चरित्रातील सर्वांत मोलाची वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने नवा आयोग नेमला, तेव्हा मुंबईच्या चौकशीत सहायक सदस्य म्हणून लोखंडे यांना घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी अकरा तासांची, तर नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा पडली नाही.

लोखंडे यांचे काम गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाची क्रूर रूढी मोडण्यासाठी १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, त्या सभेमागे त्यांची प्रेरणा होती. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली, तेव्हा कामकरी वस्त्यांत सलोखा राखण्यासाठी ते झटले. १८९५ साली सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

थोरांचे चरित्र लिहिताना उणिवा झाकण्याची रीत आहे. ती आम्ही पाळणार नाही. लोखंडे यांच्या संघटनेला नोंदणीकृत सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, निधी वा नियमावलीही नव्हती. ती एका माणसाच्या निष्ठेवर उभी होती, आणि म्हणून त्या माणसाबरोबर मावळली. त्यांचा मार्ग संपाचा नव्हता, अर्जविनंत्यांचा होता. आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार अधिक होता. परंतु तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारास त्या खात्याचे दार बंद होते. पाच मागण्यांत या भेदाचा उल्लेख नव्हता.

ते काम पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना करावे लागले. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याचा प्रश्न त्यांनी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्याच फुल्यांच्या मांडवाखाली लोखंडे वाढले होते. सुपारीबागेतील सभा आणि अठ्ठेचाळीस तासांचा कायदा यांत बासष्ट वर्षांचे अंतर आहे. वाट एकच आहे.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे कामकरी वस्त्यांत रुग्णांच्या मदतीसाठी राहिले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सत्यशोधक चळवळीने महिनाभरात आपली दोन माणसे सेवेच्याच कामी खर्ची घातली.

भारतीय टपाल खात्याने २००५ साली लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळच्या शासकीय कामगार अभ्यास संस्थेस त्यांचे नाव आहे. परंतु त्यांचा खरा वारसा तिकिटावर वा पाटीवर शोधून भागणार नाही. तो रविवारी आपल्या प्रवेशद्वाराशी शोधावा लागेल, आणि तेथे कोण येते याबरोबरच कोण येऊ शकत नाही, हेही पाहावे लागेल.

दिवाळी सरली की मराठवाड्यातील किती तरी कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फडात राबते. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते; ती मुकादमाची माणसे. आजारपणात किंवा बाळंतपणात एक दिवस काम चुकले तर आजही पैसे कापले जातात, आणि त्या कपातीचे नाव आजही खाडाच आहे. शब्दसुद्धा बदललेला नाही. मधली धुराडी विझली, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले; पण गाळपाच्या हंगामात ज्या मुलाचे आईबाप रविवारी भेटीला येऊ शकत नाहीत, त्याच्यापुरते १८९० साल अजून उजाडायचे आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज कचेरीत अधिकारी आहे, कोणी कारखान्यात व्यवस्थापक, कोणी स्वतः चार माणसांना काम देणारा. लोखंडे हेही एका गिरणीत वही सांभाळणारे नोकरदारच होते. त्या वहीपलीकडची माणसे त्यांनी पाहिली, एवढ्यावरून पुढचे सारे घडले. ज्याच्या हाती आज हजेरीची वही आहे, त्याने तीत खाडा मांडण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्या माणसाचे मूल कोठे शिकते, त्याची वाट कोण पाहत आहे, हे विचारावे. लोखंड्यांना याहून निराळे अभिवादन आम्हांस सुचत नाही.