कर्ण्याचा गुरू : जाँ-बाप्तिस्त आर्बां

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात कर्ण्याचा दाखला येतो. रणात कर्ण्याचा नाद अस्पष्ट निघाला तर कोणीही लढाईस सज्ज होणार नाही, असा त्याचा आशय आहे. या वचनाच्या आधारे आम्ही अनेकदा वाणीच्या स्पष्टतेविषयी प्रवचन केले. परंतु कर्णा स्पष्ट वाजावा यासाठी वाजवणाऱ्याला काय कष्ट घ्यावे लागतात, याचा विचार आम्ही फार उशिरा केला. तो विचार करावयास लावणारे गृहस्थ म्हणजे फ्रान्समधील जाँ-बाप्तिस्त आर्बां. सणाच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट ऐकणाऱ्या आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. सिंफनी वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादकांना मात्र ते चांगलेच परिचित आहे.

आर्बां यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८२५ रोजी लियाँ शहरात झाला. १८४१ साली ते पॅरिसच्या संगीत विद्यालयात, म्हणजे कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाले. तेथे फ्रांस्वा दोव्हेर्ने हे ट्रम्पेटचे प्राध्यापक होते. चार वर्षांच्या अध्ययनानंतर, १८४५ साली, आर्बां यांनी विद्यालयाचे पहिले पारितोषिक पटकावले.

त्या काळचा ट्रम्पेट कसा होता, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ती केवळ एक लांब, वळवलेली धातूची नळी होती. तिला छिद्रे नव्हती, कळाही नव्हत्या. ओठांचा ताण कमीअधिक करून वादक स्वर बदलत असे. परंतु अशा नळीतून निसर्गतः ठरावीक स्वरच निघतात. खालच्या पट्टीत त्या स्वरांमध्ये मोठी अंतरे राहतात आणि सलग स्वरमालिका मिळते ती केवळ उंच पट्टीत, तीही मोठ्या कसबाने. मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट बहुतेक वेळा नौबतीच्या जोडीने ठरावीक स्वरांचा घोष करतो, त्याचे एक मोठे कारण हेच होते.

१८१५ च्या सुमारास जर्मनीत झडपेचा शोध लागला. झडप दाबली की हवा नळीच्या जादा तुकड्यातून वळसा घेऊन जाते व स्वर उतरतो. मधली झडप अर्धा स्वर, पहिली एक स्वर व तिसरी दीड स्वर उतरवते. तिन्हींच्या मेळाने सर्व स्वर हाती येतात. फ्रान्समध्ये या सुधारणेचा सर्वाधिक लाभ झाला तो कॉर्नेट या आखूड, गुटगुटीत वाद्याला. ते चपळ होते, गोड होते आणि नृत्यगृहांत अतिशय लोकप्रिय होते. नेमक्या याच कारणास्तव प्रतिष्ठितांच्या दृष्टीने ते हलके ठरले. बेर्लिओझसारख्या थोर संगीतकाराने ते आपल्या रचनांत वापरले, परंतु त्याच्या उथळपणाविषयी नापसंतीही नोंदवून ठेवली. ट्रम्पेट देवळाचा व दरबाराचा, कॉर्नेट नाचगाण्याचा, अशी ही वर्णव्यवस्था होती!

दोव्हेर्ने यांच्या हाताखाली जुन्या, कळाहीन ट्रम्पेटवर तयार झालेल्या आर्बां यांनी आपले आयुष्य या हलक्या वाद्यास वाहिले. १८४८ च्या सुमारास त्यांनी थिओबाल्ड बोएम यांची बासरीसाठी लिहिलेली एक अवघड रचना कॉर्नेटवर वाजवून दाखवली. बासरीवादक जिभेच्या दुहेरी आघाताने जी द्रुतगती साधत, ती पितळी वाद्यावरही साधते, हे त्यांनी सिद्ध केले. ऑपेरातील मुखवटा-नृत्यांचे वाद्यवृंद त्यांनी चालवले, पोल्का व क्वाड्रिल रचले. १८५७ साली सैनिकी बँडच्या वादकांसाठी असलेल्या वर्गात सॅक्सहॉर्न शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. आमच्या मते त्यांच्यातील खरा गुरू येथेच घडला. रोज निरनिराळ्या कुवतीचे शिपाई समोर बसत असताना केवळ आपले कौशल्य दाखवून भागत नाही. समोरच्याचे नेमके कोठे अडते आहे, ते शोधावे लागते.

या अनुभवातून १८६४ साली त्यांचा कॉर्नेट व सॅक्सहॉर्न वादनाचा बृहद् पाठ्यग्रंथ प्रकाशित झाला. संगीतकार ओबेर यांच्या अध्यक्षतेखालील कॉन्झर्व्हेटरीच्या समितीने त्यास मान्यता दिली. ग्रंथाचा आरंभ अगदी साधा आहे: एकेक लांब स्वर, स्थिर श्वास. त्यानंतर स्वरांची बांधणी, सर्व पट्ट्यांतील सप्तके, अलंकार, लहानमोठ्या अंतरांच्या उड्या. प्रत्येक अडचण सुटी करून तिच्यासाठी पानेच्या पाने अभ्यास दिले आहेत. जिभेच्या आघातांचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. दुहेरी आघातासाठी तु-कु, तु-कु आणि तिहेरीसाठी तु-तु-कु, असे उच्चार आर्बां सांगतात. 'तु' जिभेच्या टोकाने, 'कु' जिभेच्या मागील भागाने. आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो, त्याची येथे आठवण होते. 'कु' हा जन्मतः दुबळा असल्याने तो 'तु'च्या तोडीचा होईपर्यंत सावकाश वाजवावे लागते. घाई केली की दोन्ही बिघडतात.

या कवायतीनंतर दीडशे गीते येतात. त्यांत इटालियन ऑपेरांतील अनेक गेय धुनी आहेत. वाक्य कोठे संपते, श्वास कोठे घ्यावा, हे शब्द नसलेल्या वाद्यावर शिकावयाचे ते गाण्यांतून. मग गुरुशिष्यांनी मिळून वाजवावयाची द्विगीते आहेत, आणि शेवटी प्रसिद्ध 'व्हेनिसचा कार्निव्हल'. ओठ थकले की थांबावे, असेही आर्बां बजावतात. उत्साही तरुणांना हा उपदेश सर्वांत अवघड वाटत असावा. त्यांचे सर्वच म्हणणे टिकले असे मात्र नाही. माउथपीसचा दोन तृतीयांश भाग खालच्या ओठावर टेकवावा, हा त्यांचा नियम आज अनेक शिक्षक मानत नाहीत.

१८६९ साली दोव्हेर्ने निवृत्त झाले. त्याच वर्षी कॉन्झर्व्हेटरीने कॉर्नेटचा स्वतंत्र वर्ग उघडला व आर्बां त्याचे प्राध्यापक झाले. नृत्यगृहातील वाद्य विद्यापीठात आले. परंतु येथे आम्हांला एक अप्रिय गोष्ट नोंदवावी लागते. सेंट पीटर्सबर्ग येथून वाद्यवृंद-संचालनाची निमंत्रणे येऊ लागली आणि आर्बां वर्ग सोडून रशियास जाऊ लागले. अखेर १८७४ साली त्यांना प्राध्यापकपद सोडावे लागले. ज्या वर्गासाठी त्यांनी उमेद खर्चिली, त्यातील विद्यार्थी दुसऱ्याच्या हाती गेले. मोठ्या गुरूंनाही टाळ्यांचा मोह सुटत नाही, हे आम्ही मंडळी जाणून आहोत. वेदीवरही तो मोह असतोच. १८८० साली ते परतले, पुन्हा वर्गात उभे राहिले आणि एप्रिल १८८९ मध्ये पॅरिस येथे निधन होईपर्यंत शिकवत राहिले.

आर्बां यांनी ग्रंथ लिहिला तो कॉर्नेटसाठी, परंतु त्याचा वारसा गेला तो ट्रम्पेटकडे. त्यांच्या वर्गात शिकलेले मेर्री फ्रांकँ १८९४ साली कॉन्झर्व्हेटरीत ट्रम्पेटचे प्राध्यापक झाले आणि वाद्यवृंदात आखूड नळीचा, झडपांचा ट्रम्पेट रुजावा म्हणून झटले. फ्रांकँ यांचे शिष्य जॉर्ज माझेर अमेरिकेस जाऊन बोस्टन सिंफनीचे मुख्य ट्रम्पेटवादक झाले. माझेर यांच्यापाशी शिकलेले ॲडॉल्फ हर्सेथ १९४८ ते २००१ अशी त्रेपन्न वर्षे शिकागो सिंफनीत पहिल्या ट्रम्पेटच्या आसनावर होते. ट्रम्पेटवादक आर्बां यांच्या ग्रंथाला आपसांत 'आमचे बायबल' म्हणतात. आम्हां धर्मगुरूंना ही उपमा किंचित खटकते खरी, परंतु रोज सकाळी उठून पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ करणाऱ्या या मंडळींशी त्याविषयी वाद घालण्याचे धाडस आम्हांला झालेले नाही.