डाइव्ह वॉच घ्यायचं का? आधी हान्स विल्सडोर्फची गोष्ट वाचा

मागच्या महिन्यात मी एक जुनं स्विस डाइव्ह वॉच घ्यायच्या अगदी बेतात होते. डायलवर ३०० मीटर लिहिलेलं, दिसायला चकाचक आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. तीन वर्षं साठवलेले पैसे आणि उरलेल्या रकमेचा ईएमआय, असं गणितही मी मांडून ठेवलं होतं. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की घड्याळ मस्त चालतंय, सर्व्हिसिंगची काही गरज नाही. मी एकच अट घातली. पैसे देण्याआधी घड्याळाची प्रेशर टेस्ट करायची.

टेस्टचं काय झालं ते शेवटी सांगते. पण ही अट मला सुचली ती एका माणसाबद्दल वाचल्यामुळे. त्याचं नाव हान्स विल्सडोर्फ. रोलेक्स कंपनी उभी करणारा माणूस. त्याचं आयुष्य बघितलं की डाइव्ह वॉचवर आपण नेमके कशाचे पैसे देतो, हे बरंच स्पष्ट होतं.

अनाथ मुलगा आणि रोजची चावी

विल्सडोर्फचा जन्म १८८१ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियात, कुल्मबाख या गावी झाला. तो बारा वर्षांचा असतानाच आई-वडील दोघंही गेले. मामा-काकांनी घरचा धंदा विकला आणि मुलांना शिकायला बोर्डिंग शाळेत ठेवलं. तिथे त्याचं गणित पक्कं झालं आणि भाषांची गोडी लागली. इंग्रजी चांगलं येत होतं, म्हणून १९०० मध्ये त्याला स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ या गावात एका घड्याळ निर्यातदाराकडे पत्रव्यवहाराची नोकरी मिळाली.

पण पत्रं लिहिणं एवढंच काम नव्हतं. रोज शेकडो खिशातल्या घड्याळांना चावी द्यायची आणि ती बरोबर वेळ दाखवतात का ते तपासायचं, हेही त्याच्याच गळ्यात होतं. आपल्याला हे काम कंटाळवाणं वाटेल, पण घड्याळ कुठे चुकतं हे त्याला इथेच कळलं. विल्सडोर्फ काही कारागीर नव्हता बरं का. त्याने स्वतः मशीन बनवलं नाही. तो आयुष्यभर तपासणारा आणि विकणारा माणूस राहिला.

१९०३ मध्ये तो लंडनला गेला. १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस या नातेवाइकासोबत त्याने स्वतःची कंपनी काढली. बील गावच्या एग्लर यांच्याकडून छोटी मशीन मागवायची, केसमध्ये बसवायची आणि दुकानदारांना विकायची, असा धंदा. मनगटी घड्याळ तेव्हा बायकांचा दागिना समजलं जायचं. पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे. मनगटावरच्या एवढ्याशा मशीनवर कुणाचा भरवसाच नव्हता. धूळ जाईल, ओल जाईल, हाताच्या हालचालीने वेळ चुकेल, अशा सगळ्या शंका. आणि खरं सांगायचं तर त्या शंका खोट्याही नव्हत्या.

आधी पुरावा, मग जाहिरात

१९०८ मध्ये त्याने रोलेक्स हे नाव नोंदवलं. लहान, कुठल्याही भाषेत उच्चारता येईल असं आणि डायलवर सहज मावणारं. तेव्हा घड्याळावर बहुतेक वेळा दुकानदाराचं नाव असायचं, बनवणाऱ्याचं नाही. आज फोनच्या मागे ब्रँडचा लोगो असतो यात आपल्याला काही विशेष वाटत नाही, पण त्या काळी हा दुकानदारांशी उघड झगडाच होता.

नुसत्या नावाने काम होणार नव्हतं. १९१४ मध्ये त्याने एक मनगटी घड्याळ इंग्लंडच्या क्यू वेधशाळेत पाठवलं. तिथे ४५ दिवस वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत त्याची चाचणी झाली आणि त्याला अ श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र एरवी मोठ्या घड्याळांना मिळायचं. म्हणजे काय, तर आपण विश्वास ठेवा म्हणायचं नाही, तिसऱ्याकडून तपासून घ्यायचं. आज आपण फोन घेण्याआधी स्वतंत्र रिव्ह्यू बघतो, त्यामागे हाच विचार आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून जास्त कर लावला. शेवटी १९१९ मध्ये तो धंदा घेऊन जिनिव्हाला गेला.

पाणी कुठून शिरतं?

वेळेचा प्रश्न सुटला, पण पाण्याचा राहिला होता. घड्याळात पाणी शिरायला तीन वाटा असतात: काचेची कड, मागचं झाकण आणि चावी, म्हणजे क्राउन. पहिल्या दोन बंद करणं तुलनेने सोपं. चावीचं तसं नाही. ती फिरवायची असते, ओढायची असते. ती कायमची बंद कशी करणार?

१९२२ मध्ये त्यांनी एक उपाय केला. अख्खं घड्याळ दुसऱ्या बंद डबीत ठेवायचं. पण चावी द्यायला ती डबी रोज उघडावी लागायची. रोज उघडायचं म्हणजे रोज झिजणार. मग पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोघांकडून विल्सडोर्फने स्क्रूसारखी आवळता येणाऱ्या चावीचं पेटंट विकत घेतलं आणि १९२६ मध्ये ऑइस्टर नावाची केस आली. शिंपल्यासारखी घट्ट मिटणारी. चावी, झाकण आणि काचेभोवतीचं कडं, तिन्ही आटे असलेले.

पुढच्याच वर्षी त्याला पुरावा दाखवायची संधी मिळाली. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टायपिस्ट इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण काही दिवसांतच दुसऱ्या एका बाईने आपणही पोहून गेल्याचा खोटा दावा केला, आणि लोक मर्सिडीजवरही संशय घेऊ लागले. आपण खरं बोलतोय हे दाखवायला ती २१ ऑक्टोबरला पुन्हा गार पाण्यात उतरली. विल्सडोर्फने तिला एक ऑइस्टर दिलं आणि तिने ते गळ्यात अडकवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती बऱ्याचदा चुकीची सांगितली जाते. घड्याळ घालून ती खाडी पार करू शकली नाही. दहा तासांहून जास्त पोहल्यावर गारठ्यामुळे तिला बोटीत घ्यावं लागलं. पण तिची जिद्द बघून तिच्यावरचा संशय मिटला. आणि घड्याळ? ते आत कोरडं होतं आणि चालू होतं. विल्सडोर्फने २४ नोव्हेंबरला डेली मेलच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. दुकानांच्या काचेत मासे आणि पाणी असलेल्या टाक्यांत चालू घड्याळं ठेवली. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

माणसाचा विसरभोळेपणा

ऑइस्टर केस पक्की होती, पण ती वापरणारा माणूस विसरभोळा होता. चावी रोज द्यावी लागायची. म्हणजे रोज आटे उघडायचे, चावी द्यायची आणि परत आवळायचं. एखाद्या दिवशी आवळायचं राहिलं की पाणी आत. १९३१ मध्ये रोलेक्सने पर्पेच्युअल रोटर आणला. हात हलला की आतली अर्धगोल चकती फिरते आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसते. त्यामुळे चावीला हात लावायचं कामच कमी झालं. ऑटोमॅटिक घड्याळ ही आपल्याला सोय वाटते, पण पाणी बाहेर ठेवण्यातही तिचा मोठा वाटा आहे.

१९४४ मध्ये त्याची पत्नी वारली. त्यांना मूल नव्हतं. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच्या नावाची संस्था काढली. कंपनीची मालकी आजही तिच्याकडेच आहे. १९५३ मध्ये खास पाणबुड्यांसाठी सबमरीनर तयार झालं, १०० मीटर खोलीपर्यंत चालणारं. बाहेरचं कडं फिरवून पाण्याखाली किती मिनिटं झाली ते मोजायचं, कारण टाकीतली हवा किती उरली याचा अंदाज त्यावरच असायचा. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श त्रिएस्त या पाणबुडीतून समुद्राच्या सर्वांत खोल भागात, १०,९१६ मीटरवर गेले. रोलेक्सचं एक खास घड्याळ पाणबुडीच्या बाहेर बांधलेलं होतं. ते वर आलं तेव्हाही चालू होतं. त्याच वर्षी ६ जुलैला विल्सडोर्फ जिनिव्हात वारला.

मग आपण काय शिकायचं?

या माणसाने अर्धं आयुष्य तीन वाटा बंद करण्यात घालवलं. आणि त्या वाटा शेवटी बंद ठेवतं कोण? एक छोटी रबराची रिंग. तुमच्या घरच्या कुकरची रिंग आठवा. नवी असताना घट्ट बसते, मग कडक होते आणि वाफ सुटायला लागते. कुकर बिघडलेला नसतो, रिंग म्हातारी झालेली असते. आयपी६८ वाल्या फोनचंही तसंच. पहिल्या दिवशीची पाण्यापासूनची सुरक्षा तीन वर्षांनी तेवढीच राहत नाही.

म्हणून डाइव्ह वॉच घेण्याआधी हे बघा:

- डायलवरचा आकडा नव्या रिंगांसाठी असतो. आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे घड्याळ लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबावर तपासतात. पण ते कारखान्यात, तुमच्या मनगटावर पाच वर्षं गेल्यानंतर नाही.
- पोहत असाल तर वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट करा. गरम शॉवर आणि साबणाचं पाणी रिंगांना चांगलं नाही. समुद्रातून आल्यावर चावी आवळलेली आहे हे बघून गोड्या पाण्याने धुवा.
- मशीनचं तेल वाळतं. रोलेक्स स्वतः साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, इतर बऱ्याच कंपन्या त्याआधी. हा खर्च किमतीत धरूनच बजेट ठरवा.
- आज डुबकी मारणारे खोली आणि वेळ डाइव्ह कॉम्प्युटरवर बघतात. अचूक वेळच हवी असेल तर साधं क्वार्ट्झ घड्याळ महागड्या ऑटोमॅटिकला सहज मागे टाकतं. म्हणजे हे घड्याळ गरज म्हणून नाही, आवड म्हणून घ्यायचं.

माझ्या टेस्टचं काय झालं?

विकणारा थोडा कुरकुरला, पण तयार झाला. आमच्या घड्याळवाल्या काकांनी घड्याळ पाण्यात न बुडवता हवेच्या दाबाच्या मशीनमध्ये ठेवलं. दोन मिनिटांत निकाल आला: नापास. त्याच्या परवानगीने त्यांनी झाकण उघडलं. रिंग चपटी आणि कडक झालेली, चावीच्या दांड्यावर गंजाची बारीक रेघ. काटे मात्र छान फिरत होते. विकणारा खोटं बोलत नव्हता, घड्याळ खरंच चालत होतं.

रिंगा, दांडा, पूर्ण सर्व्हिसिंग असा खर्च काकांनी कागदावर लिहून दिला. तो किमतीत मिळवला आणि ईएमआयकडे बघितलं, तेव्हा माझ्याच लक्षात आलं की घड्याळ मी कसंबसं घेऊ शकते, सांभाळू शकत नाही. मी नाही म्हटलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सध्या तारकर्लीला जायचं आहे, त्यासाठी २०० मीटरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ घेतलंय. साठवलेले पैसे तसेच आहेत आणि त्यात दर महिन्याला थोडी भर पडतेय. पण आता दोन खाती केली आहेत, एक घड्याळाचं आणि एक त्याच्या सर्व्हिसिंगचं. दुसरं भरल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही, असं ठरवलंय.